न दिसणारं दुखणं

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



शाळेत तुम्ही मला ‘पाणीवाली’ म्हणायचे. दोन लिटरची बाटली, थंडीत दोन स्वेटर आणि पीटीच्या तासाला झाडाखाली बसायची मुभा. कारण सरांना ठाऊक होतं. तुमच्यापैकी बहुतेकांना नव्हतं. मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न.

निरोगी तांबडी पेशी 120 दिवसांच्या आसपास जगते, माझी दहा-वीस दिवसांत मोडते. ऑक्सिजन कमी झाला की ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकू लागतात. त्याला क्रायसिस म्हणतात.

नागपूरला कॉलेजात गेल्यावर दुखणं सोसण्यापेक्षा ते पटवून देणंच जड गेलं. ना प्लास्टर, ना पट्टी. जिन्यात थांबलं की, “या वयात?” डिसेंबरात होस्टेलवर गरम पाणी मागितलं की लाड वाटायचे, गारठ्याने क्रायसिस येतो हे कोण ऐकणार! दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर भरती झाले, रक्त चढवावं लागलं, हजेरी कमी भरली. डॉक्टरांचं पत्र घेऊन ऑफिसात तीन चकरा मारल्या. चौथ्यांदा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत नेली. त्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. मॅडम म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलं?” तीनदा सांगितलं होतं, राजेहो!

आता हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड रोज चालू आहे. माझे डोळे पिवळे दिसले की माझ्याआधी रूममेटच बॅग भरते.

खरं बोलायचं होतं ते वेगळंच. आपल्या बॅचची लग्नं ठरू लागलीत. माझे आईबाबा दोघंही वाहक. माझं निदान होईपर्यंत त्यांना पत्ता नव्हता, कारण वाहकाला सहसा काही त्रासच होत नाही. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. विदर्भात हा आजार बऱ्याच समाजांत आहे. “आमच्यात नसतो” म्हणून सोडू नका. पत्रिका बघता, तसं रक्तही बघा. वाहक निघालात म्हणून कुणी लग्न मोडू नये, जोडीदाराचीही तपासणी करावी. दोघंही वाहक असाल तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा, गर्भाची तपासणी करता येते.

सोल्युबिलिटी टेस्टला थोडंसंच रक्त लागतं. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी होते. सरकारी दवाखान्यात विचारा. एकट्याने जायला संकोच वाटला तर मला फोन करा, मी सोबत येईन. तिथल्या सिस्टर मला नावाने ओळखतात.