विद्यापीठाचे ग्रंथालय आणि आपली मुले
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या समाजातील मुले-मुली पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यास जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांच्या राहण्याजेवण्याची चिंता आपण वाहतो, शुल्कासाठी साहाय्यही करतो. परंतु ज्या ग्रंथभांडाराचा अधिकार विद्यापीठात प्रवेश मिळताच त्यांना प्राप्त होतो, त्याचे दार कोणी उघडून दाखवावयाचे, याचा विचार आपण केलेला नाही. पुणे विद्यापीठाचे ग्रंथालय पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे जाणाऱ्या आपल्या काही मुलांना मी विचारले, तेव्हा "अभ्यासिकेत बसतो" एवढेच उत्तर मिळाले. स्वतःची टिपणे न्यावी, पंख्याखाली बसावे आणि परत यावे! ग्रंथ खोलीवर आणता येतो हे ठाऊक असूनही विचारण्याचा संकोच वाटतो. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट कधी नव्हते, त्यांना तो वाटणारच.

गणिताचे अध्यापक शि. रा. रंगनाथन हे १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे त्यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात, हे त्यांतील पहिले. एका शिक्षकाला हे सुचावे, याचे मला नवल वाटत नाही.

आता ग्रंथ शोधावा कसा? पूर्वी खणांतील कार्डे चाळावी लागत, आता सूची संगणकावर असते. लेखकाचे आडनाव किंवा ग्रंथनामातील ठळक शब्द घालावा. मराठी ग्रंथाची नोंद कोठे देवनागरीत, तर कोठे रोमन लिपीत असते. एकीत न सापडल्यास दुसरीत पाहावे. ग्रंथ असूनही "नाही" म्हणून परतणारे पुष्कळ जण येथेच फसतात. सापडल्यावर वर्गांक कागदावर उतरवून घ्यावा. तो त्या ग्रंथाचा पत्ताच होय. ड्यूई पद्धतीच्या ग्रंथालयात शेतीचे ग्रंथ ६३० च्या घरात, तर मराठी साहित्य ८९१.४६ पाशी मिळते. कपाटापर्यंत जाण्याची मुभा असल्यास शेजारचे ग्रंथही चाळावे, कारण एका विषयाचे भाऊबंद एकाच फळीवर नांदतात. हवा असलेला ग्रंथ दुसऱ्याने नेला असेल, तर तो आपल्या नावे राखून ठेवण्याची विनंती करावी. कोश व संदर्भग्रंथ बहुधा तेथेच वाचावे लागतात. मुदत चुकली की दंड होतो, हे सांगणे नलगे. तत्पूर्वी मुदतवाढ मागावी. अनेक विद्यापीठांचे प्रबंध तर 'शोधगंगा' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात.

माझी सूचना एवढीच की, सत्र सुरू होताच पहिल्या आठवड्यात वसतिगृहातील ज्येष्ठ विद्यार्थ्याने नवागतास स्वतः ग्रंथालयात न्यावे, वाचकपत्र करवून द्यावे आणि एक तरी ग्रंथ त्याच्या नावावर घेतल्यावाचून परतू नये. जेथे अनामत भरावी लागते व ती कोणास जड जाते, तेथे ती शिक्षणनिधीतून द्यावी, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. अनामत परत मिळणारी असल्याने निधीस तोशीस लागणार नाही. मुलींना नेण्याचे काम ज्येष्ठ विद्यार्थिनींनी पत्करावे. त्यांपैकी दोघींनी आजच मजकडे नावे दिली आहेत.