गरोदरपण, कामाची घाई आणि ताटांतलें लोह
(महोत्सवानिमित्त भगिनींच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत आजाराची गोष्ट काढणें कदाचित् विसंगत वाटेल. परंतु आपल्या देवळाच्या बाप्तिस्म्याच्या वहींत ज्या बाळांचीं नांवें पुढें लिहिलीं जावयाचीं आहेत, त्यांच्या मातांविषयीं आम्हांस आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. तेव्हां हा विषय महोत्सवाबाहेरचा नाहीं.

आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. पहाटे उठून सर्वांचे डबे करावयाचे, दिवसभर शाळा, संध्याकाळीं पुन्हां चूल, असा त्यांचा क्रम. सातव्या महिन्यांत जिना चढतांना त्यांस धाप लागूं लागली. "या दिवसांत असें व्हावयाचेंच," अशी सर्वांनीं त्यांची समजूत घातली; आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि घातली. पुढें रक्त तपासलें, तेव्हां हिमोग्लोबिन ८ ग्रॅम भरलें. गरोदर स्त्रीचें हें प्रमाण ११ च्या खालीं गेलें कीं तिला रक्तक्षय झाला असें समजतात, व ७ च्या खालीं तो गंभीर ठरतो. उपचार वेळेवर झाले, माय आणि लेंकरूं सुखरूप आहेत. परंतु आमचे ते शब्द आम्हांस अजून बोंचतात. जो थकवा आम्हीं कामाचा म्हणून सोडून दिला, तो रक्ताचा होता.

हें एका घरचें दुःख नव्हे. सन २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा ५२ रक्तक्षयानें पीडित आढळल्या. रक्तक्षय बळावला म्हणजे बाळ अपुऱ्या दिवसांचें किंवा कमी वजनाचें होण्याचा संभव वाढतो, आणि बाळंतपणांतील रक्तस्राव जो सुदृढ स्त्री सोसते तो अशा मातेच्या जिवावर बेततो.

असें कां होतें? गरोदरपणांत मातेचें रक्त वाढतें, बाळ आणि वार यांसहि लोह लागतें. साऱ्या नऊ महिन्यांचा हिशेब सुमारें १००० मिलिग्रॅम होतो. रोजच्या आहारांत २७ मिलिग्रॅम लोह असावें अशी आपल्या देशांतील पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे. आतां आपलें खानदेशी ताट पाहूं. शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें ६ मिलिग्रॅम लोह असतें. ज्वारी व उडीद यांची कळण्याची भाकरी, मटकी, चवळी, हरभरा, तीळ, तांदुळजा, मेथी, अंबाडी हीं सारीं आपल्या घरचींच. जळगांवचें केळें उत्तम फळ खरें, परंतु लोहासाठीं त्यावर भिस्त ठेवूं नये. गुळावरहि ठेवूं नये.

धान्याच्या बाबतींत तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. लोह अधिक असलेली 'धनशक्ती' बाजरी हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्था आणि राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ यांनीं सिद्ध केली. ह्या विद्यापीठाचें बाजरी-संशोधन धुळ्यास चालतें, आणि २०१२ सालापासून ही जात शेतकऱ्यांपर्यंत पोहोंचविण्यांत जळगांव जिल्ह्यांतील पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सचा वांटा आहे. महाराष्ट्रांतील शाळकरी मुलामुलींस अशा बाजरीची भाकरी नियमानें दिली असतां त्यांच्या शरीरांतील लोहाचा सांठा सुधारला, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें.

परंतु ताटांत लोह असणें निराळें आणि तें अंगीं लागणें निराळें. धान्य व कडधान्य यांतील लोहाचा थोडाच भाग शरीर घेतें. भाकरीवर लिंबू पिळलें, जेवणांत पेरू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असला, कडधान्यास मोड आणले, तर तो भाग वाढतो. जेवणाबरोबर चहा घेतला तर घटतो. कामाच्या घाईंत भगिनी जेवण टाळून चहावर वेळ निभावतात, तेथें दुहेरी नुकसान होतें. म्हणून चहा जेवणापासून निदान एक तास दूर ठेवावा. रात्रीं मटकी भिजत घालणें, डब्यांत लिंबाची फोड ठेवणें, आंबट भाजी लोखंडी कढईंत शिजविणें, यांस फारसा वेळ लागत नाहीं. मटण व मासे यांतील लोह शरीर अधिक सहज घेतें. परवडेल तसे ते मातेच्या ताटांत आधीं पडावे. काळजाचा सोस मात्र नको. त्यांत अ जीवनसत्त्व फार असतें.

इतकें करूनहि आहार एकटा पुरत नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. म्हणून चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी, व बाळंतपणानंतर तितकेच दिवस, असा सरकारी क्रम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य मिळते. तींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें. ह्या दुसऱ्या द्रव्याची कथा आपल्या मुंबईची आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तेथें आल्या व गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनीं शोध घेतला. यीस्टच्या अर्कानें त्या स्त्रिया सुधारतात असें त्यांस आढळलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें.

गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांबरोबर घेऊं नये. मळमळ झाल्यास रात्रीं जेवणानंतर घ्यावी. शौचास काळें झालें तर भिऊन गोळी सोडूं नये. सातपुड्याच्या पायथ्याशीं, चोपडा, यावल, शिरपूर या भागांत सिकलसेलचा आजारहि आढळतो. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाचाच नसतो. म्हणून रक्ततपासणी चुकवूं नये, आणि गोळ्या वाढविणें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून करूं नये.

प्रायश्चित्तकाळीं कांहीं भगिनी पोटीं बाळ असतांहि उपवास धरतात. भक्ति चांगली, परंतु गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांस उपवासाचें बंधन नाहीं, ही ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. शंका असल्यास फादरसाहेबांस विचारावें.

शेवटीं बंधूंस आमची विनंती. कापूस वेंचून, शाळेंत शिकवून किंवा दवाखान्यांत रात्रपाळी करून आलेली स्त्री सर्वांस वाढून उरलेलें खाते, हें आपल्या घरांतून अजून गेलें नाहीं. पवित्र मरिया आपल्या वृद्ध नातलग एलिझाबेथ हिच्या घरीं सुमारें तीन महिने राहिली, तें आपण शुभवर्तमानांत ऐकतों. गरोदर स्त्रीजवळ कोणीतरी असावें, हा त्याचा घरगुती अर्थ आम्ही घेतों. आज घरीं गेल्यावर ज्यांच्या घरीं अशी भगिनी असेल त्यांनीं तिचें ताट सर्वांआधीं वाढावें, आणि भाकरीवर लिंबू स्वतः पिळावें. तिला धाप लागली तर "असें व्हावयाचेंच" असें म्हणूं नये. आम्हीं तें एकदां म्हटलें आहे.