लिपी आणि कान



मी गवई नव्हे, मराठीचा प्राध्यापक. तेव्हा आरंभ माझ्याच विषयापासून करतो. वर्गात मी फळ्यावर 'जरा' हा शब्द लिहून मुलांना मोठ्याने वाचावयास सांगत असे. 'थोडेसे' या अर्थाचा 'जरा' आणि 'म्हातारपण' या अर्थाची 'जरा'. अक्षर एक, उच्चार दोन. हिंदीच्या शेजारात वाढलेली धार-देवासकडील पुष्कळ मराठी मुले दोन्ही ठिकाणी तालव्य ज उच्चारीत. यात लिपीचा अपराध नाही. लिपी ऐकलेल्याचे स्मरण देते. न ऐकलेले ती कानात घालू शकत नाही.

स्वरलिपीचेही असेच आहे. पंडित भातखंडे यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली टिंब आणि तारसप्तकासाठी वर टिंब अशी सुटसुटीत चिन्हे रूढ केली. एवढ्या सामग्रीवर आपण मुलाच्या हाती पुस्तक देतो आणि 'पाहून गा' म्हणतो. पण मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर कागदावर अगदी सारखे: ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. मारव्याचा जीव ऋषभ-धैवतात, पूरियाचा गंधार-निषादात आणि मंद्राकडे, सोहनी तर वरच्या सप्तकातच रमते. ज्याने हे तिन्ही राग ऐकलेलेच नाहीत, तो सगळे स्वर बिनचूक वाचील आणि राग मात्र कोणताच होणार नाही.

लयीचे दुखणे निराळे. रूपकाच्या सात मात्रा, तीन-दोन-दोन असे विभाग आणि समेवरच खाली, हे मूल पाठ म्हणून दाखवते. परंतु एका मात्रेच्या कमानीत तीन स्वर आणि लगेच पुढच्या कमानीत चार आले की ते अडखळते. येथे डोळ्याचा उपयोग थोडा. हाताने ठेका धरून तोंडाने बोल म्हणत ती तिगुण-चौगुण आधी अंगात मुरवावी लागते.

पाश्चात्त्य संगीताच्या विद्यालयांत लिहिलेले पाहून गाणे आणि वाजवलेले ऐकून लिहिणे ही दोन्ही अंगे जोडीने शिकवतात. आपण पहिलेच उचलले. मराठीच्या तासाला आपण मुलांना शुद्धलेखन घालतो. गाण्याच्या तासाला का घालू नये? माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

याचे थोर उदाहरण देवासचे आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. बालवयात थोर गवयांच्या तबकड्या ऐकून ते हुबेहूब गात, हे सर्वश्रुत आहे. केवळ अनुकरणाने गवई होत नाही, म्हणून पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे रीतसर शिक्षण झाले. देवधर हे विष्णु दिगंबरांचे शिष्य आणि पाश्चात्त्य संगीताचेही अभ्यासक. १९४८ साली क्षयाच्या आजारामुळे कुमारजी देवासला आले. गाणे बंद झाले, कान उघडे राहिले. माळव्यातील स्त्रियांची लग्नाची, सणावाराची गाणी त्यांनी मन लावून ऐकली, त्यांचे स्वर टिपले आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. १९६५ सालच्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात हे धुनउगम राग बंदिशींसह स्वरलिपीत आहेत. आधी ऐकले, मग लिहिले. हा क्रम ध्यानात घ्यावा.

त्याच देवासात उस्ताद रजब अली खाँ राहत होते; ते १९५९ साली निवर्तले. त्यांच्या गुंतागुंतीच्या तानांचा लौकिक मोठा. अशी उदाहरणे दाखवून 'गाणे कागदावर उतरत नाही, तेव्हा लिहूच नये' असे म्हणणारे भेटतात. त्यांचे पूर्वार्ध खरे, उत्तरार्ध मला मान्य नाही.

का, ते धारला कळते. तेथील भोजशाळा-कमाल मौला वास्तूत १९०३ साली एक कोरीव शिळा सापडली. तेराव्या शतकातील परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने रचलेल्या 'पारिजातमंजरी' या नाटिकेचे चार अंकांपैकी पहिले दोन तीवर आहेत. धारेच्या वसंतोत्सवात ती खेळली जावयाची होती. दगडामुळे शब्द सातशे वर्षे टिकले. तिच्यातील पद्ये कोणत्या सुरांत म्हटली जात, हे सांगणारी एक खूणही तीवर नाही. दक्षिणेत कुडुमियानमलैच्या शिलालेखावर तर स्वराक्षरेच कोरलेली आहेत. पण ती गावी कशी, हे सांगणारी परंपरा खंडित झाल्याने पंडित आजही वाद घालतात. एकीकडे लेखन अपुरे पडले, दुसरीकडे कान तुटला.

म्हणून शाळेपुढे माझी एक सूचना आहे. आठवड्यात गाण्याचे जे काही तास असतील, त्यांतील एक पुस्तक मिटून घ्यावा. शिक्षकांनी चार स्वरांची ओळ गावी, मुलांनी ती प्रथम म्हणून दाखवावी आणि मगच वहीत लिहावी. चार स्वर जमले की पाच, शुद्ध झाले की कोमल-तीव्र. दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा ललित अगदी शेवटी. या परीक्षेला गुण ठेवू नयेत. गुण आले की मुले शेजाऱ्याच्या वहीत पाहतात, हा माझा शुद्धलेखनाचा अनुभव आहे. वर्षअखेरीस प्रत्येकाने घरच्या आजीकडून, आत्याकडून एक गाणे ऐकून लिहून आणावे. मराठी असो, माळवी असो. ती वही दुसऱ्या मुलाच्या हाती द्यावी, आणि तो काय गातो ते त्या आजीला ऐकवावे. चुकले असेल तेथे आजी थांबवीलच.