घेणे, टाकणे, राहून जाणे



साहित्य संस्थेने होमिओपॅथीच्या डॉक्टरला भाषेवर बोलायला उभे केले, याचे नवल तुमच्याइतकेच मलाही वाटते. मी व्याकरणाचा अभ्यासक नव्हे. पण पस्तीस वर्षांहून अधिक काळ रोज दोन वेळा लोकांचे बोलणे लिहून घेत आलो आहे. हानेमान यांचा ‘ऑर्गॅनन’ हा ग्रंथ १८१० साली निघाला. रोग्याला मध्येच अडवू नका, तो ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत लिहा, प्रत्येक तक्रार नव्या ओळीवर घ्या, म्हणजे त्याला पुढे काही आठवले तर त्याच ओळीखाली भर घालता येईल, अशी त्यांची शिकवण. त्यामुळे माझे केसपेपर म्हणजे निपाणी-बेळगावच्या बोलीचा एक कोशच झाला आहे. अक्षर तेवढे डॉक्टरी आहे.

आजचा विषय मात्र मला नातीने दिला. शाळेत तिला इंग्रजीतली जोडक्रियापदे होती, चांगला क्षण मनापासून अनुभवण्याची. ड्रिंक इन, टेक इन, सोक अप. ती म्हणाली, “आजोबा, सोक अप म्हणजे क्षण भिजवायचा का?” मी हसलो, पण उत्तर चटकन सुचले नाही. आस्वाद घेणे, रसग्रहण करणे हे शब्द आठवले. ते व्यासपीठावर शोभतात, घरात कोणी बोलत नाही. कोणी म्हणते का, ‘आज मी आईच्या हातच्या कटाच्या आमटीचे रसग्रहण केले’?

मग ध्यानात आले की मराठीने ही सोय वेगळीकडे करून ठेवली आहे. बघा, मीच आता ‘करून ठेवली’ म्हणालो! मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा काथ्याकूट केला आहे, त्यात मी पडत नाही. माझे म्हणणे साधे आहे. इंग्रजी माणूस क्रियापदाला दिशा जोडतो, आत किंवा वर. आपण हाताची कृती जोडतो. घे, ठेव, टाक, सोड. ‘बघितले’ ही नुसती बातमी. ‘बघून घेतले’ म्हणजे ते माझ्याजवळ आले. ‘बघून ठेवले’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल. ‘बघून टाकले’ म्हणजे कटकट गेली. डोळ्यांनी पाहिले तेच, पण मन कुठे होते ते दुसरे क्रियापद सांगते.

कानडीतही हेच आहे, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. ‘बरेदुको’ म्हणजे लिहून घे, ‘बरेदिडु’ म्हणजे लिहून ठेव, ‘माडिबिडु’ म्हणजे करून टाक. कोळ्ळु म्हणजे घेणे, इडु ठेवणे, बिडु सोडणे. सीमेच्या वादात आमच्या पिढीचे आयुष्य गेले, पण ही क्रियापदे दोन्ही भाषांत शेजारणींसारखी नांदताहेत. आमच्यासारख्या जैन घरांत तर एका वाक्याची सुरुवात मराठीत आणि शेवट कानडीत होतो. पु. लं.च्या रावसाहेबांवर आपण पोट धरून हसतो, पण ते हसू घरचे आहे.

घेणे नेहमी गोडच असते असे मात्र नाही. ‘सासूचं ऐकून घेतलं’ यात आस्वाद कुठला? तो मुकाट्याने गिळलेला घास. ‘जगून घे’ हे अलीकडे मोबाइलवरच्या सुविचारांत फार येते. त्यात मला थोडी हाव दिसते, सेल लागला आहे आणि पिशवी भरून घ्यायची आहे अशी.

पण सगळ्यांत जड जोडी मला केसपेपरवरच भेटली. विड्या वळून संसार केलेल्या एक वयस्क बाई यायच्या. झोप नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. तीन वेळा औषध बदलले. चौथ्या खेपेला मी पेन खाली ठेवले आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “थोरल्याचं तोंड बघायचं राहून गेलं की ओ डाक्टर.” मुलगा दूर कामाला होता, तिकडेच गेला. ‘राहून गेलं’. राहणे आणि जाणे, एकमेकांच्या उलट दोन क्रियापदे. जे जायचे ते गेले आणि जे व्हायचे होते ते राहिले. याला मला आजवर इंग्रजी शब्द सापडलेला नाही, आणि रेपर्टरीतही हे लक्षण या नावाने नाही. त्या दिवशी मी औषध बदलले नाही. त्या तासभर बोलत होत्या. बाहेर रांग कुरकुरत होती.

रोग्यांना एवढा वेळ देणारा हा डॉक्टर घरी कसा होता, तेही सांगायला हवे. वडील शेवटच्या वर्षी निपाणीला होते, मी बेळगावला. अंतर पाऊणशे किलोमीटर. दर रविवारी जायचो. नाडी, रक्तदाब, गोळ्या, दोन घास, आणि परत. एका रविवारी ते स्तवनिधीची गोष्ट सांगू लागले. लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर बैलगाडीतून तिथे गेले होते, वाटेत काहीतरी घडले होते. मी घड्याळ बघितले. म्हटले, “आण्णा, पुढच्या रविवारी सांगा. सातला दवाखाना उघडायचाय.” ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, “बरं, जा. भेटून टाकलंस म्हणायचं.”

पुढच्या रविवारी त्यांचे बोलणे बंद झालेले होते.

नंतर मी एक कोरा केसपेपर घेतला. त्यावर त्यांच्याच शब्दांत एक ओळ लिहिली, ‘आबांबरोबर गाडीतनं स्तवनिधीला गेलतो.’ भर घालण्यासाठी त्या ओळीखाली सवयीने जागा सोडली. तो कागद अजून टेबलाच्या खणात आहे. नातीने विचारले तेव्हा मी तो काढून तिला दाखवला. तिने वाचला आणि विचारले, “पुढं काय झालं, आजोबा?”