चाळीसपैकी एक नऊ

त्या काळ्या झग्यांत घामाघूम झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले बरेच जण रात्री लोअर परळला धडकणार, हे मला ठाऊक आहे. जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता पब आहेत आणि एखाद्या भिंतीवर डार्ट्सचा बोर्डही असतो. दोन-चार बाण मारून बघा. बोर्ड जेमतेम पावणेआठ फुटांवर, तरी बाण भलतीकडेच जातो. आता दहा मीटर एअर रायफलचा हिशेब ऐका. निशाण जवळजवळ तेहेतीस फुटांवर आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. कागदावर पेन टेकवून उचललं की उमटतं, तेवढाच.

या ठिपक्याच्या नादाने २००२ साली जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या अंजली भागवत आपल्या दादरच्या कीर्ती कॉलेजच्या विद्यार्थिनी. तेव्हाच्या अंजली वेदपाठक. काशिनाथ धुरू मार्गावरचं ते कॉलेज तुम्हाला वडापावमुळे माहीत असेल. असू दे, वडापाव आहेच तसा. पण त्याच कॉलेजात एनसीसीमुळे त्यांना बंदुकीची ओढ लागली. खेळाडू व्हावं असं वाटलं ते मात्र कार्ल लुइसला पाहून. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाकडे बघून या मुलीने खेळ निवडला तो अजिबात न हलण्याचा! रायफल हाती घेऊन आठवडा होतो न होतो तोच १९८८च्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या रौप्यपदकात त्यांचा वाटा होता.

पुढे प्रशिक्षक संजय चक्रवर्ती भेटले. नौदलात राहिलेला माणूस. वरळीच्या रेंजवर त्यांनी अंजली, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे अशा मुली घडवल्या. त्या काळात मुंबईत क्रिकेट सोडून दुसऱ्या कशाला उभं राहायला जागा मिळणंही मुश्कील. त्यात मुलीच्या हातात बंदूक म्हटल्यावर शेजारपाजारच्या भुवया वर जाणारच.

उभं राहून नेम धरणं म्हणजे काय ते सांगतो. अंगात जाड, ताठ जाकीट. पाच किलोच्या आसपासची रायफल. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे वजन दंडावर न येता हाडांवर येतं. श्वास अर्धा सोडून थांबवायचा. मग कळतं, की आपलं काळीजच नळी हलवतंय. प्रत्येक ठोक्याला ती किंचित उचलली जाते. नेम जमत नसेल तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला विचाराल तर खरी परीक्षा इथे आहे. घड्याळ पळत असताना, शेजारणीचे बार धडाधड सुटत असताना, न झाडलेली गोळी तशीच ठेवून खाली यायचं. तेव्हा महिलांना चाळीस गोळ्यांसाठी सव्वा तास मिळे.

२००३ साली मिलानच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत अंजलींनी या चाळीस गोळ्यांत ४०० पैकी ३९९ गुण मिळवले आणि सुवर्णपदक जिंकलं. एकोणचाळीस दहा आणि एक नऊ. त्याआधी २००२ला मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदकं झाली होती. म्युनिकला पुरुष आणि महिला एकत्र खेळले त्या ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’मध्येही त्याच वर्षी त्या जिंकल्या. अर्जुन पुरस्कार झाला, खेलरत्न झालं.

ऑलिम्पिक पदक मात्र मिळालं नाही. २०००मध्ये सिडनीत त्या अंतिम आठांत पोहोचल्या. ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीच्या अंतिम फेरीत गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. अथेन्स आणि बीजिंगला अंतिम फेरीही हुकली. आपल्याकडे अशा वेळी ‘थोडक्यात राहिलं’ म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. पदकांची यादी फार आखूड असते. त्यात चक्रवर्तींचं नाव कुठे आहे? त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०२१ साली ते गेले. ऑगस्ट २०२४मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याच्या प्रशिक्षक कोण? वरळीच्या त्याच रेंजवर शिकलेल्या दीपाली देशपांडे.

तुमच्या पदवीच्या कागदावर एनसीसीच्या परेडचे, जिमखान्यातल्या कॅरमचे, तालमीच्या हॉलमधल्या रात्रींचे गुण नाहीत. त्यावर तो रकानाच नाही. बंदुकीसारखी महागडी वस्तू सामान्य घरातल्या मुलीच्या हाती पहिल्यांदा येते, ती कॉलेजच्या एखाद्या तुकडीमुळेच. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि बसतो. जिमखान्याची रॅकेट, एनसीसीचा पट्टा, नाटकाच्या कपाटाची किल्ली, जे काही तुमच्या नावावर उरलंय, ते फोटो काढून झाले की आजच जमा करा. जूनमध्ये नवी मुलं येतील.