पाण्याचा दाब ओळखा, बाग वाचवा



उन्हाळ्यात अमरावती-अकोला भागातील विहिरींचे पाणी खोल जाते. नेमकी त्याच वेळी संत्र्याच्या आंबिया बहाराची लहान फळे झाडावर असतात आणि पाण्याचा ताण पडला की ती गळतात. विहिरीत पाणी आहे, मोटार फिरते, पण पंप पाणी उचलत नाही. किंवा ठिबकच्या शेवटच्या तोटीला पाणीच पोहोचत नाही, अशा तक्रारी या दिवसांत हमखास येतात. मग कर्ज काढून मोठी मोटार किंवा मोठी टाकी घेतली जाते. खर्च होतो, अडचण मात्र तशीच राहते. म्हणून आज पाण्याच्या दाबाविषयी थोडे बोलू.

दाब कशाने ठरतो?

एक चौरस सेंटीमीटर तळाची व दहा मीटर (सुमारे ३३ फूट) उंच नळी पाण्याने भरली, तर तिच्यात बरोबर एक लीटर, म्हणजे एक किलो पाणी मावते. हा भार तळाच्या एका चौरस सेंटीमीटरवर पडतो. म्हणून दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक किलो, एक मीटरचा दाब ०.१ किलो. नळी रुंद केली तर पाणी वाढते, पण ते तेवढ्याच जास्त जागेवर भार टाकते. दाब तोच राहतो. थोडक्यात, दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, साठ्यावर नाही. हजार लीटरच्या टाकीऐवजी पाच हजारांची ठेवली तर पाणी जास्त वेळ पुरेल, दाब वाढणार नाही.

टाकीवर चालणारे ठिबक

ठिबक संच साधारणपणे एक किलो दाबावर चालतो. साध्या तोटीचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एक किलो दाबाला तासाला चार लीटर देणारी तोटी, अडीच मीटर उंच टाकीवर जोडली की दाब ०.२५ किलो मिळून सुमारे दोनच लीटर देते. वाहत्या पाण्याचा नळीशी घर्षण होऊन आणखी काही दाब खर्ची पडतो. त्यात शेत दोन मीटर चढाचे असेल तर वरच्या झाडांसाठी जेमतेम अर्ध्या मीटरचा दाब उरतो आणि तोटी एक लीटरही देत नाही. खालची झाडे तृप्त, वरची तहानलेली, असे होते ते यामुळेच.

पंप पाणी ओढत नाही

विहिरीच्या काठावरील पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप नळीतील हवा कमी करतो व बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. इटलीतील शास्त्रज्ञ टोरिचेली यांनी १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हा दाब दाखवून दिला. समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवरील अकोल्यात हवा जास्तीत जास्त दहा मीटरपर्यंत पाणी ढकलू शकते. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला नऊच मीटर. नळीतील घर्षण वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच धरावेत. अश्वशक्ती वाढवली तर पंप पाणी पुढे जास्त उंच फेकेल, पण खालून वर येणारे पाणी हवेच्याच भरवशावर असते.

हे करावे

१. मोटार बदलण्यापूर्वी दोरीने पंपापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते सहा मीटरपेक्षा जास्त असल्यास पंप विहिरीत खाली मजबूत आधारावर बसवावा किंवा पाणबुडी पंप वापरावा. खाली बसवलेला पंप पावसाळ्यापूर्वी वर घ्यावा.

२. सक्शन पाईप पुरेसा रुंद असावा, त्याचे सांधे हवाबंद व फूट व्हॉल्व्ह स्वच्छ असावा.

३. टाकी शेताच्या चढाच्या बाजूस बांधावी. उपनळ्या उताराला आडव्या टाकाव्यात.

४. वाळूच्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंस दाबमापक बसवावा. दोन्हींतील फरक अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर उलट प्रवाहाने धुवावा.

५. महिन्यातून एकदा पहिल्या व शेवटच्या तोटीखाली भांडे ठेवून सारख्याच वेळात पडणारे पाणी मोजावे. तफावत मोठी असेल तर दाब वाटेत कुठे जातो ते शोधावे.

दोरी, भांडे आणि दाबमापक यांना मोटारीच्या मानाने फारच थोडा खर्च येतो. आधी मोजा, मग खरेदी करा, एवढीच विनंती.