ज्योतीची वाट

घटस्थापनेला तुळजापूरहून ज्योत घेऊन आमचं मंडळ सोलापूरपर्यंत धावतं. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. यंदा माझी टाच दुखते आहे. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं, की कळ मस्तकात जाते. तळव्याचा पट्टा टाचेपाशी दुखावला, की असं होतं. म्हणून दोन महिने आधीपासून पोटरी आणि तळव्याला ताण देतो, दिवसाआड थोडंच धावतो. दुसऱ्या सकाळी कळ वाढली, तर अंतर कमी करतो. नवरात्रात अनवाणी राहण्याची आमच्या घरची रीत. यंदा मात्र देवीची क्षमा मागून बूट घालणार आहे. ज्योत हात बदलत जाते. माझ्या वाट्याचे दोन किलोमीटर धावून ती पुढच्याकडे देईन आणि मागच्या टेम्पोत बसेन.